दोरा तोकडा पडला पाहिजे

"पुरला की गं," जोतिराम म्हणाला.

"परत बघ."

"चारदा बघितलं. टोकाला टोक लागतंय."

मागच्या खोलीत शेंगांच्या पोत्यांआड आम्ही दोघं जुळी भावंडं चोरासारखी बसलो होतो. माझा उजवा हात कोपरात वाकवून ताठ धरलेला, दंडाभोवती लाल दोरा आणि त्या दोऱ्याची दोन्ही टोकं एकमेकांना अगदी चिकटून बसलेली. हनुमान जयंती दोन दिवसांवर आली होती.

"जरा ओढून धरलायस तू," मी म्हटलं.

"ओढून धरू नको तर काय, सैल सोडू? आण्णा सैल सोडणार हाईत व्हय?"

आता हा दोरा काय प्रकार आहे, ते आधी सांगते. आमच्या गावच्या व्यायामशाळेचा तो कायदा होता. नवीन माणूस आला की मगदूम आण्णा त्याच्या उजव्या दंडाला लाल दोरा गुंडाळायचे, टोकाला टोक लागेल तिथं कापायचे आणि मारुतीच्या फोटोखालच्या फळीवर त्याच्या नावाच्या खिळ्याला अडकवून ठेवायचे. पुढच्या हनुमान जयंतीला तोच दोरा, तोच दंड. दोरा तोकडा पडला, मधल्या फटीत बोट मावलं, की माणूस राहिला. दोरा पुरला की माणूस गेला. जागा एवढीशी, लोखंड थोडं आणि बाहेर पोरं ताटकळत उभी. त्यामुळे या कायद्याला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं.

जोतिराम पहिल्यापासून वकिली डोक्याचा. पहिल्याच दिवशी त्यानं आमच्या दोघांच्या दोऱ्यांच्याच मापाचे आणखी दोन तुकडे कापून खिशात घातले होते, म्हणून आम्हाला आधी कळलं.

दोरा पुरला तर मी जाणार होते, पण एकटी जाणार नव्हते. खरं दुखणं तेच होतं.

मी कॉलेजच्या कबड्डी संघात होते. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्या पोरींनी आमच्या चढाईवालीला कमरेत धरून उचललं आणि देव्हाऱ्यात कलश ठेवावा तशी अलगद रेषेबाहेर नेऊन ठेवली. लोक हसले. आमची कप्तान विजयमाला घरी येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसली. नंतर कळलं, त्या पोरी वजनं मारत होत्या. आमच्या गावात वजनं एकाच ठिकाणी, आण्णांकडे, आणि तिथं बाईमाणसाचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मी जाऊन उभी राहिले. आण्णांनी तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा म्हणाले, "दुपारी तीनला ये. तवा गडी झोपलेलं असत्यात. वर्षानं तुझा दोरा तोकडा पडला तर सगळ्या पोरींना दुपार देतो. पुरला तर विषय संपला. परत कुणी माझ्या दारात यायचं न्हाई."

मला वाटलं, त्यात काय एवढं. लोखंड उचललं की दंड होणारच.

वर्षभर उचललं. सोबतीला म्हणून आईनं जोतिरामला माझ्याबरोबर धाडला, आणि तोही बिचारा लागला वजनं मारायला. एका पोटी, एका दिवशी जन्मलेलो आम्ही. एका ताटातलं खाल्लं, एकच दांडा उचलला. पण जोतिराम गेला वडिलांवर. आमचे वडील म्हणजे शिडीला सदरा. जोतिराम रोज सहा अंडी खायचा, केळी खायचा, आईनं शेजारणीसाठी ठेवलेलं दूध प्यायचा आणि आरशापुढे उभा राहून दंड काढायचा. दंड काही यायचा नाही, ढेकर तेवढा यायचा.

आणि भूपाल! आण्णांचा पुतण्या. जैनाचं घर, अंड्याचं नाव काढायची सोय नाही. शेंगदाणे, गूळ आणि भाकरी खायचा, आठवड्यातून तीन दिवस दांडी मारायचा, आणि तरी त्याच्या शर्टाच्या बाह्या शिंप्याला दर सहा महिन्यांनी उसवायला लागायच्या. जोतिराम म्हणायचा, "ह्यो लोखंडाकडं नुसतं बघतो आणि ह्याचा दंड फुगतो. देवाच्या घरी न्याय न्हाई."

आमच्या गल्लीतल्या बायकांना तेव्हा फार काळजी, की माझा दंड भूपालसारखा होईल आणि मग पोरीचं कसं व्हायचं. आईला येताजाता सांगायच्या. मला काळजी होती, की तसा काही तो होत नाही.

शेवटी मी कॉलेजात जीवशास्त्राच्या देशिंगकर मॅडमना गाठलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, पुरुषाच्या रक्तात स्नायू वाढवणारा जो रस भरपूर असतो, तो बाईच्या रक्तात चिमूटभर. तुझा दंड पोरांसारखा फुगायचा नाही. ताकद मात्र वाढेल, चांगली दुप्पट होईल. आणि पोरापोरांतही सगळे सारखे नसतात. आईबापांकडून काय आलंय, त्यावर बरंचसं असतं."

मी हे सगळं जाऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडमना सांग, दोरा कॉलेजात जात न्हाई."

वाईट माणूस नव्हते हो आण्णा. साठीचे, बैलासारखी मान, पण माझ्या दांड्यावर रोज स्वतःच्या हातानं वजन चढवायचे, पाठ वाकली की ओरडायचे, आणि सरळ राहिली की काहीच बोलायचे नाहीत. तीच शाबासकी. वजनं रचून ठेवताना मात्र ते रोज बोलायचे, आणि रोज एकच. त्यांच्या आईची गोष्ट. "माझ्या आईचा दंड बघशील तर काडी. पण जोंधळ्याचं भरलं पोतं एकटी पाठीवर घ्यायची आन गाडीत टाकायची. बाप माझा मऊ माणूस, दुकानात बसायचा. माझ्यात जे काय हाय ते तिचं हाय." हे सगळ्यांना पाठ होतं. जोतिराम तर आण्णांच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

असो. तर दोरा पुरत होता आणि दोन दिवस उरले होते.

"एक इलाज हाय," जोतिराम म्हणाला. "मापाला जायच्या आधी हातात पाण्याच्या बादल्या घेऊन कोपरातनं वर-खाली करायच्या. रक्त भरलं की दंड फुगतो. तेवढ्यात माप देऊन मोकळं व्हायचं."

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? दंड तुझा, रक्त तुझं, पाणी आपल्या विहिरीचं."

हनुमान जयंतीला पहाटे परसात मी दोन बादल्या घेऊन कोपरातून वर-खाली केल्या. जोतिराम दोरा लावून बघत होता. खरंच फट पडली. बोटभर नाही, पण करंगळीचं पेर आत शिरेल एवढी. आम्ही दोघं धावतच व्यायामशाळेत गेलो. दंड थंड व्हायच्या आत माप झालं पाहिजे, एवढंच डोक्यात.

बघतो तर आण्णा टाळ घेऊन बसलेले.

"बसा," म्हणाले. "आधी भजन."

सूर्य उगवेपर्यंत भजन चाललं. मग जन्मकाळ झाला, फुलं पडली, मग आरती, मग सुंठवडा. सुंठवडा हातावर देताना आण्णा माझ्याकडे आणि जोतिरामकडे बघून मिशीत हसले. "चाळीस वर्षं झाली दोरा लावतोय," ते म्हणाले. "बादल्यांचं सोंग मला न्हाई ठाऊक व्हय? म्हणून तर भजन मोठं ठेवलंय."

सगळी तालीम हसली. माझे कान तापले. दंड तेवढा गार पडला होता.

दारात विजयमाला आणि संघातल्या पोरी येऊन उभ्या होत्या. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेर चपला काढून ओळीनं. माझ्याकडे बघून विजयमालानं मूठ वळून दाखवली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पद्धत अशी होती, की आधी माप आणि मग मारुतीला सलामी. म्हणजे जो तो आपल्याला झेपेल तेवढं वजन दांड्याला लावून जमिनीवरून कमरेपर्यंत एकदा उचलायचा, मारुतीकडे बघून खाली ठेवायचा. मापात जो पडला त्याची सलामी म्हणजे निरोपाची.

पहिला भूपाल. दोरा इतका तोकडा पडला, की आण्णांची दोन बोटं फटीत आडवी बसली. "तीन दिवस दांड्या मारून ही गत," आण्णा म्हणाले, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

मग जोतिराम. दोरा तोकडा होता, पण नावाला. आण्णांनी बोट घालून बघितलं. शिरेना.

"आण्णा," जोतिराम म्हणाला, "बोट कुणाचं पाहिजे ते कायद्यात लिवलेलं न्हाई." आणि त्यानं स्वतःची काडीसारखी करंगळी फटीत घालून दाखवली.

सगळे पुन्हा हसले. आण्णाही हसले. "जा. काठावर पास." जोतिरामनं सलामी दिली. वजन कमरेपर्यंत आलं तेव्हा त्याचे गुडघे शिवणयंत्रासारखे हलत होते. पण दिली.

मग मी.

आण्णांनी खिळ्यावरून माझा दोरा काढला. हात वाकवून धरला. मी जिवाच्या आकांतानं दंड काढला, दात आवळले. दोरा फिरून आला आणि टोकाला टोक लागलं. आण्णांनी दोरा थोडा खाली घेतला, थोडा वर घेतला. फट पडावी असं त्यांनाही वाटत होतं, हे मला तेव्हाही कळलं.

"पुरला," ते हळू आवाजात म्हणाले.



"पोरी, तू कष्ट केलंस. मी बघितल्यात. ह्या सगळ्या गड्यांपेक्षा जास्त केलंस. पण दोरा म्हणजे दोरा. आज तुला सूट दिली तर उद्या सगळ्यांना द्यायला पाहिजे."

दारात विजयमाला चपला पायात सरकवायला लागली होती. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. माझा स्वभावच असा, की रडू यायच्या आधी राग येतो, आणि राग आला की रडू राहूनच जातं.

"सलामी तर देऊ द्याल?" मी विचारलं.

"दे की. ती कोण नको म्हणतंय?"

"जोतिरामचं वजन तसंच राहू दे. दोन्हीकडं पाच-पाच किलो वर चढवा."

"ए," जोतिराम म्हणाला, "माझी अब्रू ठेव जरा." पण वजनं चढवायला पहिला तोच धावला. भूपालनं दुसऱ्या बाजूनं चढवली.

मी पदर खोचला. हो, पदर. सणाचा दिवस म्हणून आईनं साडी नेसवून पाठवलं होतं. पाय रोवले, दांडा धरला, पाठ सरळ केली. पहिल्या दिवशी याच्या निम्मं वजन उचलताना माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. आता दांडा नडगीला घासत वर आला, गुडघ्यांवरून सरकला आणि कमरेशी येऊन थांबला. मी मारुतीकडे बघितलं. आणि राग होताच अंगात, म्हणून जरा जास्तच वेळ बघितलं. मग सावकाश खाली ठेवला. आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

"बाबौ," मागून कुणीतरी म्हणालं.

आण्णा काहीच बोलले नाहीत. पाठ सरळ राहिली होती ना.

मग म्हणाले, "झकास उचललंस. पण हे लोखंडाचं झालं. कायदा दंडाचा हाय."

"आण्णा," मी म्हटलं, "तुमच्या आईचा दंड केवढा होता?"

"काडी," आण्णा म्हणाले. सवयच होती त्यांना, जीभ आपोआप चालली. "दंड बघशील तर काडी. पण जोंधळ्याचं भरलं पोतं..."

आणि तिथं ते थांबले.

"एकटी पाठीवर घ्यायची आन गाडीत टाकायची," जोतिराम त्यांच्याच आवाजात पुढं म्हणाला.

"त्या इथं आल्या असत्या, आणि तुम्ही त्यांच्या दंडाला दोरा बांधला असता," मी म्हटलं, "तर वर्षानं काय झालं असतं?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या दोऱ्याकडे बघितलं. मग बाकावर बसले. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर एकदम म्हातारा दिसला. मला वाटलं, फार बोलले मी. वडीलधाऱ्या माणसाला भर तालमीत असं विचारायला नको होतं. पण शब्द मागं घ्यावासाही वाटेना, कारण दारात सात पोरी उभ्या होत्या.

"काका," भूपाल चाचरत म्हणाला, "आजीला मी बघितलंय. पुरला काय म्हणता, माझा दोरा तर तिला दोनदा गुंडाळला असता."

एकजण फिस्सकन हसला.

"आणि माझ्या ह्या दंडाला तुम्हीच म्हणता न्हवं," भूपाल म्हणाला, "की आजीचा वारसा हाय म्हणून?"

आण्णा बोटाभोवती माझा दोरा गुंडाळत आणि सोडत बसले. मग स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, "दंड तिच्यात दिसला न्हाई. माझ्यात दिसला, तुझ्यात दिसला. बी तेच. काळ्या रानात जोंधळ्याचं ताट पुरुषभर उंच जातंय, माळाला बुटकं राहतंय. म्हणून माळाच्या कणसात दाणा भरत न्हाई व्हय? माळाचा जोंधळा तर जास्त गोड." मान हलवली. "चाळीस वर्षं मी ताटाची उंचीच मोजत बसलो की लेकांनो."

मग उठले. "कात्री आणा. नवा दोरा आणा."

त्यांनी नव्या दोऱ्याचा तुकडा कापला आणि मी नुकत्याच ठेवलेल्या दांड्याला, सगळ्यात बाहेरच्या वजनाला लागून, घट्ट गाठ मारली. "हे तुझं माप. पुढच्या वर्षी ह्या गाठीच्या भाईर वजन दिसलं पाहिजे. न्हाई दिसलं तर कायदा म्हणजे कायदा, मग माझ्या आईचं नाव घेऊन चालायचं न्हाई."

"आण्णा, हे माप पोरांनाबी लागू हाय का?" जोतिरामनं विचारलं.

"तुझ्यासारख्यांना तेच लागू हाय. तुझी करंगळी किती वर्षं पुरणार?"

दारात एकदम कालवा झाला. विजयमालानं पायातल्या चपला परत काढल्या होत्या आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकून ती तशीच उभी होती, आत यावं की न यावं अशी. आण्णांनी तिच्याकडे बघितलं.

"तू चढाईवाली का?"

"न्हाई, कप्तान."

"उद्या तीनला या सगळ्या. आणि पोट भरून येऊ नका, वांत्या करशीला." सुंठवड्याची वाटी भूपालकडे दिली. "दे त्यांना."

लोक पांगायला लागले. जोतिराम अंगणात मुलींना करंगळीचा किस्सा सांगत होता, त्यात करंगळी आत्ताच दीडपट जाड झाली होती. मी दांड्यावरची वजनं उतरवत होते, तेव्हा आण्णा स्टूल घेऊन मारुतीच्या फोटोपाशी चढलेले दिसले. फळीवर सगळ्यात वर एक खिळा होता, आण्णांच्या स्वतःच्या दोऱ्याचा, त्यांच्या तरुणपणीचा. त्याच्याही वर त्यांनी एक नवा खिळा ठोकला आणि माझा तो पुरलेला दोरा त्याला अडकवला.

"काका, तो कुणाचा?" भूपालनं खालून विचारलं.

आण्णा स्टुलावरून लगेच उतरले नाहीत. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, मग त्याच सोग्यानं फोटोची काच पुसली, म्हणजे आम्हाला वाटावं की तेवढ्यासाठीच सोगा काढला.

"आईचा," म्हणाले.

याला तीस वर्षं झाली. आण्णा गेले, कात्री माझ्याकडे आली, आणि पोरींची वेळ आता दुपारची राहिली नाही, सकाळ-संध्याकाळ झाली. त्या जयंतीच्या पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात कुणी कुणाला उचलून रेषेबाहेर ठेवलं, ते विजयमालाला विचारा. ती अजून मिटक्या मारत सांगते. वरच्या खिळ्यावरचा दोरा विटून पांढरट झालाय. नव्या पोरी विचारतात, हा कुणाचा, तर मी आण्णांच्या आईचा म्हणूनच सांगते. परवा फळीला रंग द्यायचा होता म्हणून सगळे दोरे खाली काढले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी तो दंडाला लावून बघितला.

अजून पुरतो.